मी मोझिला, राहणार उस्मानाबाद

धाराशिव जिल्ह्यात तालुके आठ. धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परंडा आणि वाशी. यातल्या प्रत्येक तालुक्याच्या गावी निदान एक माणूस असा सापडतो, ज्याचं ब्राउझरबद्दल ठाम मत असतं आणि ते मत त्याला आजवर कुणीही विचारलेलं नसतं. कुठला ब्राउझर मेमरी किती खातो, कुठला आपल्या मागावर राहतो, कुणी कुणाचं इंजिन उचललं, सगळं जिभेवर तयार असतं. तेवढ्यात समोरचा म्हणतो, "सर, साईट उघडंना गेलीय. नुसतं फिरायलंय. जरा बघता का?" मत तिथल्या तिथे गिळलं जातं आणि सर बघतात.

हा तंत्रवेडा बहुधा एमएस-सीआयटीच्या सुरुवातीच्या कुठल्या तरी बॅचमधला. एमकेसीएलनं 2001 साली तो कोर्स आणला, तेव्हा सरकारी नोकरीला लागतो म्हणून सगळ्यांनी केला. याला तो आवडला, एवढाच काय तो फरक. पुढे कुणी सेवा केंद्र टाकलं, कुणी झेरॉक्सच्या दुकानात कोपरा धरला, कुणी शिक्षक झाला आणि शाळेची सगळी ‘ऑनलाईन कामं’ न मागता त्याच्या गळ्यात पडली.

सर बघतात ते पाहण्यासारखं असतं. आधी पान रिफ्रेश. मग कॅशे साफ. मग इनकॉग्निटो. मग दुसरा ब्राउझर. मग वायफाय काढून मोबाईलचं हॉटस्पॉट. शेवटी खुर्ची मागे सरकवून, "सर्व्हर डाऊन हाय मामा, उद्या सकाळी या." हा क्रम कुठल्याही अभ्यासक्रमात नाही, पण परंड्यापासून उमरग्यापर्यंत तो एकच आहे.

त्यातल्या इनकॉग्निटोबद्दल दोन शब्द बोलायला हवेत. ही काळी खिडकी जगभर ज्या कामांसाठी उघडली जाते, त्यांची चर्चा घरात येणाऱ्या मासिकात नको. अमेरिकेत याच खिडकीवरून गुगलवर 2020 साली दावा लागला. लोकांचं म्हणणं असं, की खिडकी काळी असली तरी गुगलला आतलं दिसतंच. 2024 मध्ये तडजोड झाली आणि गुगलनं जमवलेल्या अब्जावधी नोंदी पुसायचं कबूल केलं. सेवा केंद्रात मात्र ही खिडकी पीएम-किसानसाठी उघडली जाते. साध्या खिडकीत आधीच्या शेतकऱ्याचा लॉगिन अजून अडकलेला असतो, नव्या खिडकीत जुन्या कुकीज नसतात, म्हणून. जगातला सर्वात सभ्य इनकॉग्निटो वापर भूम आणि वाशीच्या सेवा केंद्रांत होत असावा. साध्या खिडकीत नावाच्या रकान्यात नुसता ‘र’ टाईप केला तरी निम्म्या गावातले सगळे राम, रमेश आणि राजेंद्र खाली रांगेत उभे राहतात, ते वेगळंच.

आता जिल्हा निवडायचा रकाना.

सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून धाराशिवचं उस्मानाबाद झालं होतं. सप्टेंबर 2023 मध्ये अधिसूचना निघाली आणि जिल्हा, तालुका, सगळं पुन्हा धाराशिव झालं. कार्यालयांच्या पाट्या बदलल्या, लेटरहेडं बदलली. 2025 साली रेल्वे स्टेशनही धाराशिव झालं आणि त्याचा यूएमडी हा कोड जाऊन डीआरएसव्ही आला. गाड्यांवरचं एमएच 25 तेवढं ढिम्म राहिलं. पण इंटरनेटवर जिल्हे हे अधिसूचनेत राहत नाहीत, ते ड्रॉपडाऊनमध्ये राहतात. आणि ड्रॉपडाऊन कुणी, कुठल्या साली, कुठल्या कंत्राटात बनवला होता, हे त्याच्या जन्मदात्यालाही आठवत नसतं.

त्यामुळे फॉर्म भरणारा प्रथम भक्तिभावानं ‘डी’पाशी जातो. चंद्रपूर दिसतं, पाठोपाठ थेट धुळे येतं. मधे काही नाही. मग तो खाली सरकत नाशिकपर्यंत जातो आणि नाशिक-पालघरच्या मधे त्याला आपला जुना पत्ता सापडतो: उस्मानाबाद. दुसऱ्या साईटवर नेमकं उलटं. तिथे धाराशिव आहे, पण पिनकोड टाकला की साईट स्वतःहून उस्मानाबाद भरते आणि वर लाल अक्षरांत विचारते, की दोन्ही जुळत का नाहीत? तिसऱ्या साईटवर दोन्ही नावं आहेत. तिथे खरा घोळ. एकाच गल्लीतले दोन भाऊ दोन वेगवेगळ्या जिल्ह्यांत राहू लागतात.

तंत्रवेड्याला हे सगळं पाठ असतं. कुठल्या परीक्षेला धाराशिव, कुठल्या बँकेला उस्मानाबाद, कुठल्या कुरिअरला दोन्ही. नवखा माणूस चिडतो. हा चिडत नाही, कारण ब्राउझर नावाच्या जातीचा सगळा इतिहास त्याला ठाऊक असतो, आणि त्या इतिहासापुढे एका जिल्ह्याचं नामांतर म्हणजे अगदीच सरळ प्रकरण आहे.

ब्राउझर कुठल्याही साईटच्या दारात गेला की आधी आपली ओळख सांगतो. ही एक ओळ असते. वाचणाऱ्याला ती दिसत नाही, साईटला दिसते. विंडोजवरच्या क्रोमची ओळ मोठ्यानं वाचली तर साधारण अशी ऐकू येते: मी मोझिला 5.0, मुक्काम विंडोज एनटी 10.0, मी ॲपल वेबकिट, मी केएचटीएमएल, म्हणजे गेकोसारखा, मी क्रोम, मी सफारी. एवढ्या लांबणीत खरं नाव एकच, आणि तेही शेवटून दुसरं. विंडोज 11 वर बसला असला तरी क्रोम मुक्काम 10.0 असाच सांगतो.

हे थोतांड सुरू कसं झालं? 1994 साली नेटस्केप नॅव्हिगेटर बाजारात आला. कंपनीच्या आत त्याचं लाडकं नाव मोझिला, म्हणून दारातही तो तेच सांगायचा. त्याला पानाचे भाग पाडून दाखवणाऱ्या फ्रेम्स जमू लागल्या, इतरांना जमत नव्हत्या. साईटवाल्यांनी नियम केला: मोझिला आला तर सजवलेलं पान वाढा, बाकीच्यांना साधं. 1995 च्या ऑगस्टमध्ये मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्स्प्लोरर आला. थोड्याच काळात त्यालाही फ्रेम्स जमल्या, पण दारावरच्या यादीत त्याचं नाव नव्हतं. आता सगळ्या जगातल्या साईटवाल्यांना यादी बदला म्हणून अर्ज करायचा, तर आयुष्य जायचं. मायक्रोसॉफ्टनं सोपा मार्ग काढला. एक्स्प्लोरर दारात जाऊन सांगू लागला, मी मोझिलाच. पुढे हळूच पुस्ती जोडायचा: म्हणजे, मोझिलाशी जुळणारा.

एकदा एकानं केलं म्हटल्यावर मग काय. नेटस्केप मोडला, त्याच्या राखेतून मोझिलाचं गेको इंजिन उभं राहिलं आणि साईटवाले आता गेकोला चांगलं वाढू लागले. लिनक्सवर केडीई मंडळींनी केएचटीएमएल नावाचं इंजिन केलं होतं. त्यांनी ओळखीत घातलं, ‘गेकोसारखा’. ॲपलनं ते इंजिन घेऊन वेबकिट केलं, 2003 मध्ये सफारी काढला आणि केएचटीएमएलचं वाक्यही तसंच पुढे ठेवलं. गुगलनं 2008 मध्ये वेबकिट घेऊन क्रोम काढला, तर सफारीची सगळी ओळख उचलून तिच्यात आपलं नाव खोचलं. मायक्रोसॉफ्टनं 2020 मध्ये स्वतःचं इंजिन सोडून क्रोमचंच घेतलं, तेव्हा ‘एज’ या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमधलं शेवटचं अक्षर गाळून ते शेपटीला लावलं. पूर्ण नाव लिहिलं तर साईटवाल्यांना जुना एज वाटेल, ही भीती.

ऑपेरानं तर वय चोरलं. 2009 मध्ये त्याची दहावी आवृत्ती निघाली, आणि बऱ्याच साईट आवृत्तीचा फक्त पहिला आकडा वाचतात असं लक्षात आलं. दहा म्हटलं की त्यांना एक ऐकू जायचं, आणि आवृत्ती एकला कोण दारात उभं करणार? बारा ओलांडलेल्या पोराला एसटीत अकरावं चालू आहे म्हणून हाफ तिकीट काढतात, तसं ऑपेरानं दहावं लागूनही 9.80 सांगितलं आणि खरं वय ओळीच्या शेवटी बारीक आवाजात. 2022 मध्ये क्रोम आणि फायरफॉक्स पाठोपाठ शंभरीला पोचले, तेव्हा हीच धास्ती पुन्हा पडली होती, की दोनच आकडे वाचणाऱ्या साईट शंभराला दहा समजतील.

फायरफॉक्सचं स्वतःचं बारसंही काही एका दमात झालेलं नाही. 2002 मध्ये तो फिनिक्स होता. त्या नावावर दुसऱ्या कंपनीचा हक्क निघाला, म्हणून 2003 मध्ये फायरबर्ड. त्या नावाचा डेटाबेस आधीच होता, त्या मंडळींनी आरडाओरडा केला. 2004 च्या फेब्रुवारीत फायरफॉक्स झाला आणि त्याच वर्षी 9 नोव्हेंबरला 1.0 बाहेर पडला. दीड वर्षात तीन नावं, ना मोर्चा ना सुनावणी.

तर मुद्दा असा, की जगातला सर्वात जास्त वापरला जाणारा ब्राउझर आजही प्रत्येक दारात मेलेल्या नेटस्केपचं घरगुती नाव सांगूनच आत जातो. मग जिल्ह्यातल्या एखाद्या आजोबांनी नाशिक-पालघरच्या मधे बोट ठेवून उस्मानाबाद निवडलं, तर त्यात गैर काय? तंत्रवेड्याचं कसब वेगात किंवा फीचरमध्ये नसतंच. कुठल्या दारात कुठलं जुनं नाव सांगायचं, हे ज्याला कळतं त्याला इथे ‘सर’ म्हणतात.

याचा सर्वात मोठा पुरावा त्याच्या डेस्कटॉपवर असतो. क्रोम, एज, ऑपेरा, ब्रेव्ह, फायरफॉक्स अशी पाच चिन्हं, आणि शेजारी एक फोल्डर: ‘जुना फायरफॉक्स – काढू नये’. या फोल्डरची कथा ठेकेदारांना विचारावी. ई-निविदा भरायची तर डिजिटल स्वाक्षरी लागते. ती एका यूएसबी डोंगलमध्ये असते. त्या डोंगलला साईटशी बोलायला कित्येक वर्षं जावा लागायचं, आणि जावाला ब्राउझरमध्ये शिरायला एक जुनं दार लागायचं. क्रोमनं ते दार सप्टेंबर 2015 मध्ये बंद केलं. फायरफॉक्सनं मार्च 2017 मध्ये, आवृत्ती 52 ला. त्यातही 52 ची जी दीर्घकाळ चालणारी आवृत्ती होती, तिच्यात दार उघडंच राहिलं. ती आवृत्ती ज्यानं वेळीच फोल्डरमध्ये दाबून ठेवली, त्याच्या दुकानासमोर निविदेच्या शेवटच्या दिवशी चारचाकी गाड्या लागू लागल्या. मॉनिटरच्या कडेला एक चिठ्ठी चिकटवलेली असायची: ‘जावा अपडेट मागेल. देऊ नये.’ ड्रॉवरमध्ये सहा-सात डोंगलं, प्रत्येकाला चिकटपट्टी आणि तिच्यावर आडनाव. कोट्यवधींच्या रस्त्यांच्या सह्या एका ड्रॉवरमध्ये, स्टेपलरच्या पिनांशेजारी.

ज्यांच्याकडे ते फोल्डर नव्हतं, त्यांना इंटरनेट एक्स्प्लोरर होताच. त्याची ख्याती एका काळी अशी, की 2003 च्या सुमारास जगातले शंभरातले नव्वदहून जास्त लोक तोच वापरायचे. नंतर अशी, की दुसरा ब्राउझर उतरवून घेण्यासाठी हा उत्तम. 15 जून 2022 रोजी मायक्रोसॉफ्टनं त्याला निवृत्त केलं, तेव्हा दक्षिण कोरियातल्या एका इंजिनिअरनं स्वखर्चानं त्याची दगडी समाधी करवून घेतली आणि तिच्यावर हेच कोरलं. पण आमच्याकडे एवढ्या सहज कुणी जात नाही. एजच्या पोटात ‘आयई मोड’ नावाची सोय आहे, तिच्यात एक्स्प्लोरर अजून श्वास घेतो, आणि किमान 2029 पर्यंत तो तिथे राहील असा शब्द मायक्रोसॉफ्टनं दिला आहे. निवृत्तीनंतर मुदतवाढ हा प्रकार जिल्ह्यात कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

पाच चिन्हांबद्दल एक गुपित. क्रोम, एज, ऑपेरा आणि ब्रेव्ह या चौघांच्या आत इंजिन एकच, क्रोमियमचं. वेगळा तो फक्त फायरफॉक्स. म्हणजे क्रोममध्ये न चाललेली साईट एजमध्ये चालायचं तसं काही कारण नाही. तंत्रवेड्याला हे पक्कं ठाऊक असतं, तरी तो एज उघडतो, आणि कधीकधी साईट चालतेही. तिथे जुन्या कुकीज नसतात, एवढंच. पण समोरचे काका घरी जाऊन सांगतात, "ते निळं-हिरवं लई भारी हाय," आणि दुसऱ्या दिवशी चार जण निळं-हिरवं मागायला येतात. तंत्रवेडा घरी स्वतः फायरफॉक्स वापरतो, त्यात जाहिराती अडवणारं युब्लॉक ओरिजिन घालतो, आणि क्रोमनं 2025 मध्ये ते कसं हद्दपार केलं हे बायकोला सांगतो. तिनं ते आधी ऐकलेलं असतं.

लाईट गेली की हे सगळे समान. इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर चालू राहतो, राऊटर मात्र कुणी तरी दुसऱ्या बोर्डावर लावलेला असतो. क्रोममध्ये तो छोटा डायनोसॉर येतो. हा खेळ 2014 चा. करणाऱ्यांनी तो एक कोटी सत्तर लाख वर्षं चालेल असा बेतला आहे, म्हणजे त्यांच्या म्हणण्याप्रमाणे टी-रेक्स पृथ्वीवर जेवढा काळ होता साधारण तेवढा. 2018 मध्ये गुगलनं सांगितलं, की महिन्याला सत्तावीस कोटी डाव खेळले जातात, आणि खेळणारे बहुतेक जिथे नेट महाग किंवा बेभरवशाचं अशा देशांतले. यादीत भारताचं नाव पहिलं होतं. त्यात मराठवाड्याचा वाटा वेगळा काढला नव्हता. काढायला हवा होता.

पण तंत्रवेड्याची खरी परीक्षा ब्राउझरमध्ये नसते, मराठीत असते. कुणी तरी अर्ज टाईप करून आणतो, पेनड्राईव्ह लावतो, फाईल उघडते आणि सगळा अर्ज इंग्रजी अक्षरांचा चिवडा. "व्हायरस हाय का काय?" व्हायरस नसतो, कृतिदेव असतो. कृतिदेवमध्ये ‘महारा’ एवढंच लिहिलं तर आत प्रत्यक्षात ई, जी, के, जे, के ही इंग्रजी अक्षरं साठलेली असतात. फॉन्ट वरून मराठी मुखवटा चढवतो. फॉन्ट नसलेल्या मशीनवर मुखवटा उतरतो आणि तहसीलदारांना विनंती करणारा माणूस ‘ईजीकेजेके’ म्हणताना सापडतो. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, सी-डॅकचा सुरेख, प्रत्येकाचा मुखवटा वेगळा. लग्नपत्रिका छापणाऱ्याला श्रीलिपी लागते, टायपिंग क्लासचा मुलगा कृतिदेव शिकलेला असतो, ऑनलाईन फॉर्म युनिकोडशिवाय काही खात नाही. तिघांच्या मधे तंत्रवेडा एका टॅबमध्ये फॉन्ट कन्व्हर्टर उघडून बसतो.

2000 च्या दशकात मराठी वर्तमानपत्रांच्या साईट वाचायच्या तरी ही कसरत होती. पेपर तितके फॉन्ट. फायरफॉक्ससाठी ‘पद्मा’ नावाचं एक छोटं जोडसाधन निघालं होतं. ते अशा पानांचं जागेवर युनिकोड करून दाखवायचं. ज्यांनी तेव्हा फायरफॉक्स घेतला त्यांतल्या काहींनी वेगासाठी नव्हे, अग्रलेख वाचता यावा म्हणून घेतला.

युनिकोड 1991 चा. त्यातली देवनागरी आपल्याच इस्की या प्रमाणावर बेतलेली. विंडोज 2000 बरोबर जो ‘मंगल’ फॉन्ट घरोघर आला, तो रेखाटला र. कृ. जोशी या मराठी कवी आणि सुलेखनकारांनी. जिल्ह्यातल्या कुठल्याही कचेरीत, कुठल्याही नोटिशीवर त्यांची अक्षरं दिसतात. एवढा छापला गेलेला दुसरा मराठी कवी दाखवावा. मात्र त्याच नोटिशीची पीडीएफ झाली आणि तिच्यातला मजकूर कॉपी करून दुसरीकडे चिकटवला, की वेलांट्या पुढच्या अक्षरावर जाऊन बसतात, रफार गळतात आणि शासन निर्णयातला ‘निर्णय’च ओळखू येत नाही. खाली दिलेला अठरा आकडी संकेतांक तेवढा जसाच्या तसा उतरतो.

आता त्याच्या खिशातला पेनड्राईव्ह. जिल्ह्यातल्या कित्येक कॉम्प्युटरांचं आयुष्य त्याच्यावर चालतं. त्यात 7-झिप असतं, 1999 मध्ये इगोर पाव्हलोव्ह या रशियन माणसानं केलेलं, फुकट. तरीही गिऱ्हाईक विनरार मागतं, कारण त्याला सवय विनरारची. विनरार चाळीस दिवसांच्या बोलीवर येतं. चाळीस दिवसांनी नम्रपणे आठवण करतं आणि पुढे चालत राहतं. उधारी वसूल करायची ही पद्धत गावातल्या किराणा दुकानदारांना मुळीच पटण्यासारखी नाही. त्यात व्हीएलसी असतो, पॅरिसच्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेला, रस्त्यावरच्या नारिंगी शंकूचं चिन्ह लावून. लग्नाचा व्हिडिओ कुठल्याही कॅमेऱ्यानं काढलेला असो, व्हीएलसीत नवरी हलते. 2022 मध्ये त्याची साईट भारतात काही महिने उघडतच नव्हती. सरकारनं अडवली होती, नोव्हेंबरमध्ये सोडली. त्या काळात पेनड्राईव्हवरची जुनी प्रत हातोहात फिरली.

शिवाय शॉर्टकट व्हायरस. पेनड्राईव्ह लावला की सगळी फोल्डरं शॉर्टकट झालेली. पोराचा प्रोजेक्ट गेला, बाप रडकुंडीला. तंत्रवेडा काही न बोलता कमांड प्रॉम्प्टची काळी खिडकी उघडतो, ‘ॲट्रिब’नं सुरू होणारी एक ओळ टाईप करतो, एंटर दाबतो, आणि लपलेली फोल्डरं परत येतात. ही ओळ त्यानं कधी कागदावर लिहून दिल्याचं ऐकिवात नाही.

पण या सगळ्यांत पुण्याचं काम करतं ते इरफानव्ह्यू. व्हिएन्नात शिकणाऱ्या इरफान श्किल्यान या बोस्नियन तरुणानं 1996 मध्ये फोटो बघण्यासाठी ते केलं. गाडीखाली आलेलं लाल मांजर हे त्याचं चिन्ह. का, ते एकदा बघितलं की विचारावंसं वाटत नाही. आपल्या या हत्यारावर मराठवाड्यातल्या भरतीची भिस्त असेल, असं त्या भल्या माणसाच्या स्वप्नातही नसेल. बँकेचा अर्ज म्हटला की फोटो 20 ते 50 केबी, सही 10 ते 20 केबी. मोबाईलवर काढलेला फोटो चार एमबीचा. तो घासून घासून खाली आणायचा. पन्नासच्या वर एक केबी राहिला तरी साईट परत पाठवते. रागाच्या भरात जास्त घासला तर 19 होतो, आणि मग उलटा उद्योग, फोटो जाड करा. 2023 च्या तलाठी भरतीला साडेचार हजारांच्या आसपास जागा होत्या आणि अर्ज आले दहा लाखांहून जास्त. दहा लाख चेहरे, दहा लाख सह्या, सगळ्या मापात बसवलेल्या. मुंबईत बसून कुणी ॲप बनवण्याच्या गप्पा मारतं, तेव्हा कळंबच्या एका कोपऱ्यात एक माणूस दिवसभर नुसती केबी कापत असतो.

शेवटी कॅप्चा. तो प्रकार मूळचा अमेरिकेतल्या विद्यापीठातला, लुईस फॉन आन आणि त्याच्या सहकाऱ्यांचा. पुढे त्यातून रीकॅप्चा निघालं, 2009 मध्ये ते गुगलनं घेतलं, आणि माणूस असल्याचं सिद्ध करायला चित्रं आली. ‘फायर हायड्रंट असलेले सगळे चौकोन निवडा.’ वाशीच्या शेतकऱ्यानं आयुष्यात फायर हायड्रंट पाहिलेलं नसतं. गावात आग लागली तर टँकर येतो, तोही पिण्याच्या पाण्याचा. "हे लाल बुटकं काय हाय?" तंत्रवेडा सांगतो, पाण्याचा नळ. "मंग त्याला पाणी कधी येतंय?" ‘ट्रॅफिक सिग्नल असलेले चौकोन’ म्हटल्यावर खांबाचा चौकोन धरायचा की नुसत्या दिव्याचा, या प्रश्नावर त्या खोलीत तीन मतं पडतात. यंत्राला ती पटत नाहीत. ते म्हणतं, पुन्हा प्रयत्न करा.

2025 मध्ये नवी लाट आली. पर्प्लेक्सिटीनं जुलैत कॉमेट आणला, ओपनएआयनं ऑक्टोबरमध्ये ॲटलस. या ब्राउझरांना नुसतं सांगायचं, ते स्वतः साईट उघडतील, स्वतः क्लिक करतील, स्वतः फॉर्म भरतील. तंत्रवेड्यानं हे वाचलं, दोन रात्री झोपला नाही, आणि तिसऱ्या दिवशी केंद्रात बसलेल्या पाच-सहा जणांना उत्साहानं सांगितलं: आता तुम्ही फक्त बोलायचं, बाकी सगळं ब्राउझर करणार. नाव, गट नंबर, आधार, फोटो, जिल्हा, सगळं.

खोलीत जरा वेळ विचार झाला. मग कोपऱ्यातल्या आजी म्हणाल्या, "ते ठीकाय सर. पर ओटीपी?"

ओटीपी आजींच्या आधारला जोडलेल्या नंबरवर येणार. तो नंबर लेकाचा. लेक चाकणला कंपनीत, दुसऱ्या पाळीला, आणि कामगारांचे मोबाईल गेटवर जमा असतात. सुटी रात्री साडेअकराला होते. ओटीपी चालतो दहा मिनिटं.

"मग असं करा आजी," सर म्हणाले, "त्याला रविवारी सुट्टी असंल तवा या. अकराच्या आत."